साचा, सांधा आणि शेवटच्या सभासदाचे पाणी

ले. : ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



ऊस विकास खात्याचा लेख म्हटला की बेणेप्रक्रिया, हुमणी, आडसाली लागण किंवा पाचट कुजविणे यांपैकी काहीतरी असणार, अशी आपली अटकळ असते. या अंकात आम्ही सिमेंटच्या नळ्या पाडायच्या लोखंडी साच्यांविषयी लिहिणार आहोत, आणि तेही ते साचे घासूनपुसून स्वच्छ कसे ठेवावेत याविषयी. शेतकी खात्याला हा नसता उद्योग कोणी सांगितला, असे काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. पण लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आम्हाला बोल लावावा, एवढीच विनंती.

भांडण कशावरून लागले

कृष्णाकाठच्या एका गावी आम्ही गेल्या उन्हाळ्यात ऊस पाहणीला गेलो होतो. तिथे सहकारी उपसा जलसिंचन संस्थेची जुनी योजना आहे. नदीवरून पाणी वर चढविणारी मुख्य नळी लोखंडी. वरच्या हौदातून पुढे पाणी उताराने जाते, ते सिमेंटच्या नळ्यांतून. या लाइनीच्या अगदी शेपटीला एका सभासदाचा पाऊण एकर खोडवा होता. भर मे महिन्यात उसाची पाने सुरळी होऊन उभी होती. आम्हाला पाहताच तो म्हणाला, "सायेब, तुमचा खताचा तक्ता ऱ्हाऊ द्या. आठ तासाची पाळी हाय माझी, आन् पाणी येतंय चार तासाचं. मधी कोण खातंय त्ये बघा आधी."

मधे खाणारा कोण, याबद्दल त्याचा संशय पक्का होता. वरच्या अंगाला त्याच्याच भावकीतल्या एकाचा ऊस होता आणि तिथे बारा महिने ओल दिसायची. रात्री चेंबरचे झाकण उचलून पाणी फिरवतात, अशी बोलवा होती. पाटकऱ्यालाही त्यात ओढलेले. दोन घरांचे येणे-जाणे बंद, आणि संस्थेच्या सभेत शिवीगाळ होण्यापर्यंत मजल गेलेली.

आम्ही पाटकऱ्याला बरोबर घेऊन लाइनीवरून चालत निघालो. वरच्या भावकीच्या रानात पोहोचलो, तर तिथला ऊस पिवळा पडलेला, सरीत लव्हाळा माजलेला आणि वरंब्यावर पांढरे फेसकट मीठ फुललेले. तो शेतकरीही आमच्यावरच उखडला. "मी पाणी चोरतूय म्हणत्यात. आवं, माजं रान पाण्यानं मेलं हितं! मला नको झालंय पाणी."

तिथे चार फूट खणले आणि चोर सापडला. नळीच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. कॉलरची एक बाजू नळीला टेकलेली, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. शिवाय नळीच्या अंगावर, लांबीने, मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके पडलेली एक रेघ होती आणि तिच्यातूनही पाणी पाझरत होते. अशा तीन-चार जागा त्या दिवशी उकरल्या. सगळीकडे तोच प्रकार आणि सगळ्या नळ्या एकाच वेळी आणलेल्या.

थोडा हिशेब

नळी अडीच मीटर लांबीची धरली तर एका किलोमीटरला ४०० नळ्या लागतात आणि जवळजवळ तितकेच सांधे होतात. चारशेपैकी नुसते दहा सांधे गळके निघाले असे समजू. एका सांध्यातून मिनिटाला एक बादली, म्हणजे १० लिटर पाणी जाते असे धरू. आठ तासांच्या पाळीत एका सांध्यातून ४,८०० लिटर, आणि दहा सांध्यांतून ४८,००० लिटर पाणी जाते. एक एकर रानात ५ सेंटीमीटर पाणी उभे करायचे तर साधारण दोन लाख लिटर लागते. म्हणजे असे दहा सांधे चार पाळ्यांत एका एकराचे एक भिजवण गिळतात. पाणी वर चढविण्याचे वीजबिल मात्र संस्थेच्या नावावर पुरते पडते.

हे पाणी नुसते वायाही जात नाही. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतल्या काळ्या खोल जमिनी कशा क्षारपड झाल्या, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. वर जादा पाणी आणि खाली निचरा नाही, त्यात बारमाही झिरपणारा सांधा. मग मीठ वर येणारच. एकाच गळतीने खालचा ऊस वाळतो आणि वरचा ऊस पिवळा पडतो. कारखान्याच्या काट्यावर दोघांचेही टन कमी भरतात. शेतकी खात्याने यात लक्ष का घातले, ते आता ध्यानात आले असेल.

साच्यापर्यंतचा प्रवास

नळ्या जिथे पाडल्या होत्या त्या यार्डात आम्ही संस्थेच्या चेअरमनना घेऊन गेलो. नावगाव सांगण्याची जरुरी नाही. असली यार्डे आपल्याकडे रस्त्याकडेला अनेक आहेत. तिथे नळ्या, कॉलरी, चेंबरच्या रिंगा, कुंपणाचे खांब, दाराच्या चौकटी, जनावरांच्या गव्हाणी असे सगळे मिळते. हल्ली नळीच्या कामात पी.व्ही.सी. आणि एच.डी.पी.ई. पाईप पुष्कळ आले. तरी जुन्या लाइनींची दुरुस्ती, चेंबर, मोऱ्या आणि खांब यांना सिमेंटच लागते.

तिथल्या वयस्क मिस्त्रीने आम्हाला एक उघडा साचा दाखविला. नळीचा साचा म्हणजे जाड पत्र्याचे दोन अर्धगोल. त्यांच्या कडांना पट्ट्या असतात, त्या बोल्टांनी आवळायच्या. दोन्ही टोकांना बिडाच्या कड्या. मिस्त्रीने आतून हात फिरवला आणि नखाने एक खपली काढून आमच्या तळहातावर ठेवली. बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा असतो तेवढी जाड.

"ह्यो बगा तुमचा चोर," तो म्हणाला. "रोज एक पदर चढतो. घासाय येळ कुणाला हाय?"

सांगायचे म्हणजे, "ह्यूम पाईप" हा शब्द आपल्याकडे अडाणी माणूसही वापरतो, पण ह्यूम हे माणसाचे नाव आहे हे थोड्यांना ठाऊक असते. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० साली ही रीत काढली. सळईचा पिंजरा ठेवलेला साचा आडवा करून रोलरवर गरगर फिरवायचा आणि आत काँक्रीट सोडायचे. फिरण्याच्या जोराने खडी-सिमेंट बाहेरच्या भिंतीवर दाबले जाते, जादा पाणी आतल्या अंगाला येऊन निघून जाते आणि घट्ट नळी तयार होते. आपल्या देशात ही विद्या रुजविली ती वालचंद हिराचंद यांनी. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने इंडियन ह्यूम पाईप कंपनी निघाली. पुढे साखर कारखानदारीतही त्यांचे नाव झाले, हे आपण जाणताच.

त्याच १९१० साली आपल्या भागात, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेत किर्लोस्करवाडी उभी केली. तिथले लोखंडी नांगर ओतीव कामाचे. म्हणजे साचा ही वस्तू सातारा-सांगलीला शंभरावर वर्षांची परिचयाची. पण ओतकामाचा वाळूचा साचा आणि सिमेंटचा लोखंडी साचा यांत एक मोठा फरक आहे. वाळूचा साचा एकदा ओतला की फोडायचा, पुढच्या ओतीला नवा करायचा. सिमेंटचा लोखंडी साचा शेकडो वेळा वापरायचा असतो. त्यामुळे आदल्या दिवशीचा आळस दुसऱ्या दिवशीच्या मालात उतरतो, आणि त्याच्या पुढचाही.

पापुद्रा काय काय करतो

पहिले, नळीची बाहेरची जाडी साच्याच्या आतल्या अंगावरून ठरते. साच्यात सगळीकडे २ मिलिमीटरचा थर बसला की नळीचा बाहेरचा व्यास ४ मिलिमीटरने कमी. थर सारखा बसत नाही, एका अंगाला जास्त बसतो. मग नळी गोल न होता अंड्यासारखी होते आणि कॉलरमध्ये एका बाजूला टेकते.

दुसरे, टोकाच्या बिडाच्या कड्यांत सिमेंट साचले की नळीचे तोंड काटकोनात येत नाही. दोन नळ्या तोंडाला तोंड लावल्या तर एका बाजूला फट राहते. रबरी रिंग घालायच्या नळीला तर हे अजिबात चालत नाही.

तिसरे आणि सर्वांत वाईट म्हणजे दोन अर्धगोलांच्या मधली पट्टी. तिथे खपली अडकली की कितीही बोल्ट आवळा, साचा पुरता मिटत नाही. मग फिरवताना त्या फटीतून सिमेंटचे पातळ पाणी बाहेर पडते आणि आत नुसती वाळू-खडी उरते. आम्ही रानात पाहिलेली भोकांची रेघ ती हीच. वरून सिमेंटचा हात मारून ती बुजविता येते आणि विकताना दिसतही नाही. रानात पुरल्यावर दिसते.

आमची स्वतःची एक चूक

इथे आमची एक फजिती सांगणे भाग आहे. ती न सांगता दुसऱ्याला शहाणपण शिकविणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी संस्थेने चेंबरच्या रिंगा स्वतःच पाडायचे ठरविले. पैसे वाचावेत म्हणून तशी सूचना आम्हीच केली होती. पाण्याला पिंप कमी पडले, तेव्हा आमच्या घरच्या गुऱ्हाळावरचे एक पिंप आम्ही मोठ्या उत्साहाने पाठवून दिले. त्यात काकवी ठेवत असू. गड्याने एकदा पाणी घालून खळबळून काढले होते. तळाशी वाळलेला थर तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे उघडले तर रिंगा उभ्याच राहिनात. ओल्या मातीसारख्या खाली बसल्या. तिसऱ्या दिवशीही बोट रुतत होते. आठ पोती सिमेंट आणि बारा जणांची दिवसभराची मजुरी मातीत गेली. संस्थेचे सेक्रेटरी सिमेंटवाल्याला शिव्या घालायला निघाले होते. आम्ही पिंपात वाकून पाहिले, वास घेतला आणि गप्प बसलो. मग सायंकाळी कबूल केले. नुकसानीची रक्कम आम्ही भरून दिली. पण योजना लांबली आणि त्या वर्षी तीन सभासदांच्या लागणी पाण्यावाचून खोळंबल्या, ते भरून देता आले नाही.

कारखान्याच्या लॅबोरेटरीतल्या केमिस्ट मंडळींनी नंतर कारण उलगडून सांगितले. साखर ही सिमेंटची वैरी आहे. ५० किलोच्या पोत्यामागे २५ ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट धरायला काही तास उशीर होतो. १०० ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत गेली तर धरणे जवळजवळ थांबतेच. आमच्या पिंपात किलो-दीड किलोची काकवी सहज असेल. म्हणून बांधकामाच्या पाण्याला गुळाचे, काकवीचे, मळीचे पिंप, किंवा साखरेची न धुतलेली पोती कदापि वापरू नयेत. आपल्या भागात ही चूक इतर भागांपेक्षा जास्त संभवते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. फसलेल्या रिंगांचे साचे धुताना जुन्या खपल्याही भराभर सुटून आल्या. मिस्त्री हसून म्हणाला, "आण्णा, माल बसला खरा, पर तुमच्या काकवीनं साचं मातूर लख्ख झालं बगा." यातही चमत्कार काही नाही. सिमेंटच्या खपलीत चुना असतो. साखर चुन्याला धरते आणि त्याचे पाण्यात विरघळणारे संयुग करते. कारखान्यात रसाला चुन्याची निवळी देतो तेव्हा हेच नाते सांभाळावे लागते. ताज्या, एक-दोन दिवसांच्या खपलीवर साखरेच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्रभर टाकून ठेवले तर सकाळी ती मऊ पडते आणि पट्टीने निघते. महिनोन्‌महिने बसलेल्या दगडी थरावर याचा फारसा उपयोग नाही. आणि हे केलेच तर नंतर साचा दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुतलाच पाहिजे. त्याची बादली वेगळी हवी आणि तिच्यावर लाल रंगाची खूण हवी.

साचा साफ करण्याची रीत

चांगल्या यार्डात जी रीत पाळतात ती आम्ही नीट पाहून घेतली. ती अशी :

१. वेळ साधणे. नळी काढल्याबरोबर, त्याच तासात साचा घासावा. तेव्हा सिमेंटचा थर कोवळा असतो, पट्टीने पापडासारखा निघतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच तारेचा ब्रश लागतो आणि आठवड्याने छिन्नी.

२. हातोडा न मारणे. साच्यावर बाहेरून ठोकले की खपली पडते खरी, पण पत्र्याला पोचा पडतो. तो पोचा पुढच्या प्रत्येक नळीवर उठतो. छिन्नीचा ओरखडा तर त्याहून वाईट; त्या ओरखड्यात सिमेंट जास्त घट्ट धरून बसते.

३. कडा आणि कोपरे आधी. मोकळा पोटाचा भाग कोणीही घासतो. दोन्ही पट्ट्या, बोल्टची भोके आणि टोकाच्या कड्यांची खाच आधी साफ करावी, मग पोट. साचा मिटवून आतून उजेडाकडे पाहावे. फटीतून उजेड आला तर काम पुरे झालेले नाही.

४. धूळ झटकणे. घासून सुटलेला चुरा साच्यातच राहिला तर तो नव्या मालात मिसळतो. कोरड्या फडक्याने पुसावा. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके बांधूनच.

५. तेलाचा हात पातळ. तेल जास्त लावले म्हणजे नळी लवकर सुटते, ही समजूत चुकीची आहे. जादा तेल तळाला साचते, तिथे नळीला बारीक भोके व डाग पडतात. बोट फिरवले तर बोटाला चकाकी यावी, थेंब येऊ नये. सिमेंटच्या साच्यांसाठीच मिळणारे तेल वापरणे उत्तम. वनस्पती तेलावर आधारलेली जी तेले मिळतात, त्यांतले आम्ल सिमेंटच्या चुन्याशी मिळून साबणासारखा पातळ पदर करते आणि माल सुटा होतो.

६. जोडी न बदलणे. प्रत्येक साच्याच्या दोन्ही अर्धगोलांवर रंगाने एकच नंबर घालावा. एकाचा अर्ध दुसऱ्याला जोडला की कडा जुळत नाहीत.

७. पावसाळ्याची ठेव. हंगाम संपला की साचे घासून, कोरडे करून, तेलाचा हात देऊन शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवावेत. बोल्ट डिझेलच्या डब्यात टाकावेत. गंजलेला खडबडीत पत्रा पुढच्या वर्षी दुप्पट सिमेंट धरतो.

फुटपाथच्या ब्लॉकचे प्लॅस्टिक व रबरी साचे असतील तर त्यांना तारेचा ब्रश अजिबात लावू नये. ते भिजवून मऊ ब्रशाने घासावेत. खांबांच्या लाकडी साच्यांना पाण्यात भिजत ठेवू नये, लाकूड फुगते.

कोणी ॲसिडचा मार्ग सुचवितात. मिठाचे तेजाब सिमेंट खाते हे खरे, पण ते लोखंडही खाते. वाफ छातीला लागते आणि धुवण ओढ्याला जाते. आमचा सल्ला, लोखंडी साच्याला ॲसिड लावूच नये.

मोठ्या कामांवर आता पाण्याचा प्रचंड दाबाचा फवारा, गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडचे कण मारणारी यंत्रे आणि लेसरसुद्धा साचे साफ करायला वापरतात. मुंबईच्या जमिनीखालच्या मेट्रोचे बोगदे सिमेंटच्या तुकड्यांच्या कड्यांनी बांधले आहेत. तिथे साच्याची मापे मिलिमीटरच्या बारीक हिशेबात सांभाळावी लागतात. आपल्याला तेवढे नको. पण पट्टी, फडके आणि अर्धा तास हे तर कोणालाही परवडावे.

घासणारे हात

साचा घासायला वेळ कुणाला आहे, असे मिस्त्री म्हणाला होता. त्याचे उत्तर आम्हाला त्याच यार्डात मिळाले. तिथे साचे घासायला चार बायका होत्या. मजुरी नगावर. दिवसात जितक्या नळ्या निघतील तितके पैसे. घासण्यात गेलेला अर्धा तास कुणाच्याच हिशेबात नाही. उलट तेवढी एक नळी कमी. मग कोण घासणार? दोष बायकांचा नव्हे, हिशेबाचा आहे.

त्यांतल्या एका मावशींनी हात पुढे केले. तळव्याला भेगा, बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली, नखांच्या मुळाशी काळे चर. "भाकरी थापाय येत न्हाई ओ सायेब, पीठ झोंबतंय," त्या म्हणाल्या. हातमोजे का घालत नाही, असे आम्ही विचारले. "दिलं तर घालू की!"

ओले सिमेंट चुन्यासारखेच दाहक असते. ते तासभर कातडीला लागून राहिले तर भाजते, आणि भाजलेले लगेच समजतही नाही. त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कातडीची कायमची ॲलर्जी जडते; मग नुसत्या वासाच्या अंतरावर सिमेंट आले तरी हात उलतात असे कामगार सांगतात. साच्याला चोपडलेले काळे जळके ऑइल हे दुसरे विष. गाडीतून काढलेल्या त्या तेलात जड धातू आणि जळके पदार्थ असतात. वर्षानुवर्षे कातडीला लागले तर कॅन्सरचाही धोका सांगतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे असे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. आणि आपल्याकडे उरलेले तेल विहिरीच्या कडेला ओतून मोकळे होतात!

तेव्हा रबरी हातमोजे, पायात गमबूट, डोळ्यांना चष्मा आणि हात धुवायला नळाखाली स्वच्छ पाणी व साबण, एवढे मालकाने दिलेच पाहिजे. कामावर अंगठ्या-बांगड्यांखाली सिमेंट अडकू देऊ नये. डोळ्यात उडाले तर चोळू नये. किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. हाताला खोबरेल चोळून काम केले म्हणजे भागले, ही समजूत सोडावी.

त्या संस्थेच्या चेअरमननी एक गोष्ट शहाणपणाची केली. पुढची ऑर्डर देताना त्यांनी यार्डवाल्याला अट घातली : साचा घासण्याची मजुरी वेगळी धरा, नळीमागे ती आम्ही देतो, पण घासलेला साचा आमचा माणूस पाहील, मगच माल भरायचा. नळी थोडी महाग पडली. सभेत त्यावर कुरबूर झाली. तेव्हा वर दिलेला दहा सांध्यांचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडून दाखविला, आणि शेपटीच्या त्या सभासदाने उठून सांगितले, "माझ्या वाटणीचं चार रुपये जास्त घ्या, पर पाणी येऊ द्या." ठराव मंजूर झाला.

नळी घेताना काय पाहावे

भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. ४५८ मध्ये, बिनदाबाच्या नळ्यांना एन.पी. आणि दाबाच्या नळ्यांना पी. अशी अक्षरे आहेत. पी-१ नळी चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो, पी-२ नळी ४ किलो आणि पी-३ नळी ६ किलो दाबाला तपासलेली असते. मोरीला घालायची एन.पी. नळी पंपाच्या दाबावर जोडू नये. स्वस्तात मिळाली म्हणून असे करणारे आहेत.

याखेरीज नळीत वाकून उजेडाकडे पाहावे. अंगावरून लांबीने हात फिरवून सिमेंटने बुजविलेली रेघ लागते का ते पाहावे. टोकाला दोरीने दोन-तीन दिशांनी व्यास मोजावा. सुट्या कॉलरीत नळी घालून चोहोबाजूंनी सारखी फट राहते का ते बघावे. हातोडीने हलके वाजवावी. खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली तर बाजूला काढावी. आणि यार्डात गेल्यावर आधी नळ्यांकडे न जाता रिकाम्या साच्याकडे जावे. त्यात हात घालावा. पुष्कळसे तिथेच कळते.

शेवटी

त्या लाइनीवरच्या गळक्या जागा उन्हाळ्यातच बदलल्या. सगळ्या बदलल्या असे नाही. ओढ्याच्या अंगाचे दोन सांधे अजून झिरपतात, तिथे पाणी असल्याने खणता आले नाही. पण शेपटीच्या सभासदाची पाळी आता पुरती मिळते. त्याचा खोडवा यंदा आम्ही पाहिला. पाचट ठेवले आहे, फुटवे बरे आहेत. वरच्या भावकीच्या रानात निचऱ्याचा चर काढून हिरवळीसाठी ताग पेरला आहे. मीठ जायला दोन-तीन वर्षे लागतील. दोन घरांचे बोलणे सुरू झाले आहे, जेवणावळीपर्यंत अजून गेलेले नाही.

ज्या संस्थांच्या लाइनी सिमेंटच्या आहेत त्यांनी उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वी एकदा पाटकऱ्याला घेऊन लाइनीवरून चालावे. जिथे विनाकारण लव्हाळा, ओल किंवा मीठ दिसेल तिथे खूण करावी आणि त्या खुणांची यादी आपल्या गट ऑफिसला द्यावी. आमचा माणूस येऊन पाहील. आणि कोणाकडे गुऱ्हाळाचे रिकामे पिंप असेल, तर ते कृपा करून बांधकामाला देऊ नये.